तिच्या दाराला निंब नव्हता

सुरतेच्या उधन्यात आले तेव्हा मला गुजराती येत नव्हतं, आणि मराठीतही मी फारसं बोलायचे नाही. समोरची बाई आमच्याच तालुक्यातली. मी तिला ताई म्हणायचे. भाजीवाल्याशी घासाघीस, रेशन दुकानातलं भांडण, सगळं माझ्या वतीनं तीच करायची. दुपारी तिच्या घरी बसून आम्ही साड्यांवर खडे चिकटवायचो. साड्या तिच्या ओळखीच्या शेठकडून यायच्या.

लसवाली नर्स गल्लीत आली की ताई दार लोटून घ्यायची. तिच्या मुलाला पहिल्या सुईनंतर ताप आला होता, तेव्हापासून तिनं एकही टोचू दिली नाही. मी मात्र मुलीला प्रत्येक वेळी घेऊन जायचे. ताई हसायची. "तुले कोणालेच नही म्हनता येत नही, म्हनून जास तू." ते अगदीच खोटं नव्हतं. गोवरची सुई मात्र मुलीला नऊ महिने भरल्यावर मिळणार होती, आणि ती तेव्हा सात महिन्यांची होती.

आमच्याकडे घरात गोवर निघाला की दाराला निंबाचा डहाळा खोचतात. मग लेकुरवाळी बाई त्या उंबऱ्याला पाय लावत नाही. माझ्यासारखीला ते बरं असतं. कोणाला काही विचारावं लागत नाही.

त्याच दिवसांत ताईचा मुलगा पडद्याआड झोपून होता. खोकत होता. "ऊन लागनं पोऱ्याले," ताई म्हणाली. दाराला काही नव्हतं. मी मुलीला मांडीवर घेऊन रोजच्यासारखी खडे चिकटवत बसले.

पुढे माझ्या मुलीचे डोळे लाल झाले, ताप चढला, कानामागून पुरळ उतरलं. सरकारी दवाखान्यात ताईच बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर में, पड़ोस में किसी को निकला था?" मी नेहमीसारखं ताईकडे पाहिलं.

"नहीं मॅडम, किसी को नहीं," ताई म्हणाली. मी मान हलवली.

घरी येऊन मी दाराला डहाळा खोचला. ताई धावतच आली.

"काढ व माय ते! शेठले समजनं ते दोन्ही घरनं काम बंद व्हई."

"गोवर शे, ताई. लोकेस्ले कळाले नको?"

"काही नही व्हस. आमना पोऱ्याना उतरी गया, तुनी पोरना बी उतरी जाई."

बोलून गेली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

"मंग तुना दारले निंब का नही लावा?" मी विचारलं.

"तू कोठे इचारं मले?"

तिनं आजार लपवला, काम जाईल म्हणून. त्या भीतीपुरतं मला समजतं. पण डॉक्टरीणबाईंपुढे ती माझ्या जागेवर उभी राहून खोटं बोलली, आणि मी तिच्या भरवशावर मान हलवली. ते मला अजून गिळता येत नाही.

मुलीच्या छातीत कफ भरला. तिला दाखल केलं तेव्हा मी ताईला हाक मारली नाही. तुटक्या हिंदीत मीच सगळं सांगितलं, समोरच्या घराचंही. मग नर्सबाया गल्लीत घरोघरी आल्या. शेठनं साड्या बंद केल्या. ताई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुकीले तोंड फुटनं!"

मुलगी वाचली. डावा कान मात्र बरेच दिवस वाहत राहिला. कापडाच्या लूमच्या खडखडाटात आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे त्या कानानं तिला ऐकू येत नाही हे कळायला फार वेळ गेला.

आता ती शाळेत जाते. येताना ताईचं दार तिच्या डाव्या हाताला येतं. ताई कधीकधी उंबऱ्यात येऊन तिला हाक मारते, हातात चिक्की नाहीतर बोरं घेऊन. मुलगी वळत नाही, सरळ घरात येते.

ताई गल्लीत सांगते, पोरीला तिच्या आईनंच शिकवलंय.