शाळेतली मिरची

गेल्या वीस वर्षांत बारामतीत मी ज्या ज्या पंगतींना बसलो, त्या सर्वांत मला एकच भाजी वाढण्यात आली: केशरी रश्शात बुडवलेले पनीर. लग्न असो, सेवानिवृत्तीचा समारंभ असो, अगदी वर्षश्राद्ध असो; पनीर चुकत नाही. तक्रार केली, तर यजमान म्हणतात, "सर, केटररला सांगितलंय." म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. त्यामुळे माझा जुना विद्यार्थी राजवर्धन दर उन्हाळ्यात उजनीच्या काठच्या आपल्या घरी जेवायला बोलावत असे, तेव्हा मी तीन वर्षे काही ना काही सबब सांगितली. चौथ्या वर्षी मंदाकिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला न विचारता होकार कळवला आणि राजवर्धनच्या मातोश्री जयवंताबाई यांची व माझी गाठ पडली. त्यांच्याविषयी माझी एकच तक्रार आहे. ती क्रमाने येईल.

जयवंताबाईंचे माहेर निमगाव केतकीचे. सोळाव्या वर्षी त्या हिंदुरावांच्या घरी नांदायला आल्या आणि तिसऱ्या पावसाळ्यात धरणाचे पाणी गावात शिरले. गाव उठले, वर माळावर येऊन बसले. हिंदुरावांनी वरच्या जमिनीत ऊस लावला, पत्र्याचे घर बांधले, पुढे स्लॅब टाकला. जयवंताबाईंचे मन मात्र वरच्या मातीत रमले नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी मागे सरू लागले, की काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या टोपली घेऊन खाली उतरतात आणि त्या ओल्या गाळात वाफे धरतात. वांगी, गवार, काकडी, दोडका, मिरची, खरबूज, सगळे तिथेच. घरापासून वाफ्यांपर्यंतची वाट चांगली वीस मिनिटांची.

त्यांचा नियम असा की, पाहुणा दारात दिसल्याशिवाय देठाला हात लावायचा नाही. पाहुणा आला, की त्याच्याच हाती टोपली द्यायची आणि त्याचे जेवण त्यालाच तोडून आणायला लावायचे. मेच्या दुसऱ्या रविवारी, भर दहा वाजताच्या उन्हात, माझे स्वागत असे झाले.

"या मास्तर. ही टोपली घ्या."

मी महाविद्यालयात प्राध्यापक आहे, माझ्याकडे विद्यावाचस्पती ही पदवी आहे. हे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

"व्हय का? मग मिरच्या वळखता येत असतील," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी बावीस पाने होती आणि ओसरीत एक पैज लागली होती. आदल्या उन्हाळ्यात जयवंताबाई गाळात मांडीपर्यंत रुतल्या होत्या. तासभर त्या जागच्या हलू शकल्या नाहीत. हिंदुराव त्यांच्या शिव्यांच्या आवाजाचा माग काढत पोहोचले, म्हणून निभावले. तेव्हापासून राजवर्धन त्यांना खाली जाऊ देत नव्हता आणि त्या ऐकत नव्हत्या. अखेर चिडून त्याच म्हणाल्या होत्या, "माझ्या वाफ्यावर बावीस पानं उठवून दावते. धान्य, शेंगदाणं, मीठ, तेल सोडून एक जिन्नस जरी भाईरचा निघाला, तर फुडच्या साली गाळात पाय न्हाय ठेवायची."

राजवर्धनने ते बोलणे घट्ट धरून ठेवले होते. तो स्वयंपाकघराच्या दारात जकात नाक्यावरच्या शिपायासारखा उभा होता.

"मास्तर, शाळेतनं चार मुठी मिरच्या आना," जयवंताबाई चुलीपुढून म्हणाल्या. "श्रेया, तू चावडीतनं काकड्या आन. अन कवळ्या आन, मागल्या येळंसारख्या म्हाताऱ्या नगं."

"म्हाताऱ्या मी आनल्याच नव्हत्या. आबांनी आनल्या," नात श्रेया आजोबांकडे बोट दाखवत म्हणाली आणि टोपली घेऊन पाण्याच्या दिशेने पळाली.

चावडी त्या दिशेला कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण उन्हात मनुष्य प्रश्न विचारत नाही. मी सरळ शाळेत गेलो. ती घरापासून शंभर पावलांवर होती. सुटी असल्याने वर्ग बंद होते, परंतु फाटक उघडे होते आणि झेंड्याच्या खांबाशेजारी खरोखरच मिरचीचा वाफा होता. शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवणाऱ्या साखरबाई तिथे बादलीने पाणी घालत होत्या.

"कुनी धाडलं तुमाला?"

"जयवंताबाईंनी. शाळेतून चार मुठी मिरच्या आणा म्हणाल्या."

साखरबाईंच्या हातातली बादली कलंडली. "जयवंताआक्कानं? आमच्या मिरच्या? सा वर्सं म्हनत्येय, आक्का, या वाफ्याला तुमचा हात लागू द्या. तर म्हनती, वरच्या मातीत कुसळं उगवत्यात. अन आज मिरच्या पायजेत व्हय?" त्यांनी चार नव्हे, आठ मुठी मिरच्या माझ्या टोपलीत टाकल्या. "सांगा, साखरीनं दिल्यात म्हनून."

हा निरोप मी दिला नाही. परतल्यावर कुणी माझ्याकडे पाहिलेच नाही; टोपली हातातून काढून घेतली गेली आणि ठेचा कुटायला सुरुवात झाली.

जेवणाविषयी मला फारसे बोलता येणार नाही, कारण तक्रारीला जागा नव्हती आणि अशा वेळी माझी शैली कोरडी पडते. चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत, शेंगदाण्याच्या कुटातली गवार, अंगावरची लव अजून ओली असलेली काकडी आणि ज्वारीची भाकरी. पानात पनीर नव्हते. समोर अथांग पाणी, वरून वारा. मंदाकिनी माझ्याकडे वारंवार पाहत होती. मी मान वर केली नाही.

राजवर्धनने ठेचा तोंडात घातला आणि त्याला जोराची उचकी लागली.

"आई, मिरची कुठली ही?"

"शाळेतली."

"गाळातली मिरची अशी नसती. जीभ भाजली माझी."

"मास्तरांनीच आनली की शाळेतनं. इचार त्यास्नी."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. साक्ष देण्याची वेळ आली, की मी तपशिलात कमी पडत नाही. "फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताला," मी म्हणालो, "झेंड्याच्या खांबाजवळ."

"खांबाजवळ?" हिंदुरावांनी घास खाली ठेवला. "मास्तर, आमची शाळा धरणात गेली. तिच्या जोत्यावर हिचा मिरचीचा वाफा हाय, म्हनून शाळेतली मिरची. चावडीच्या जागी काकडी हाय. तुमी कुठल्या शाळंत गेलता?"

ओसरीत हशा उसळला. श्रेयाला ठसका लागला. हसल्या नाहीत त्या एकट्या जयवंताबाई. पैज गेली होती आणि तीही माझ्या पायांनी.

राजवर्धनने आईचा चेहरा पाहिला आणि तो जरा नरमला. "जाऊ दे आई. चूक सरांची हाय. मी धरत न्हाय."

"तू धर न्हायतर सोड, मी धरलीय," त्या म्हणाल्या. "पानात पडली ती माझी न्हाय. हारले मी."  मग भाकरी मोडता मोडता मला म्हणाल्या, "मास्तर, माती कसली व्हती?"

"काळी," मी म्हणालो. "भुसभुशीत. बुटाला चिकटली आहे अजून."

त्या उठल्या, दारात ठेवलेला माझा बूट उचलला, टाचेची माती नखाने खरवडून बोटांत चुरली, हुंगली. बावीस माणसे हात वाळवत बघत होती. मग त्या तशाच शाळेकडे निघाल्या. मी एका बुटावर मागोमाग गेलो.

"साखरे," त्यांनी फाटकातूनच आवाज दिला, "ह्यो गाळ हितं कसा गं?"

"दोन ट्राल्या खालनं आनून टाकला, आक्का. तुमाला सांगाया आलते, तर तुमी दारातनंच माघारी लावलं मला."

जयवंताबाई वाफ्यात उकिडव्या बसल्या. एक रोप हलवून पाहिले, दुसऱ्याची वाळकी पाने खुडली. "दाट लावलीस. पोरांसारखी खेटून बसवलीस," त्या म्हणाल्या. "अन पानी बुडाला घाल, डोस्क्यावर न्हाय." मग त्यांनी पदर खोचला आणि रोपे विरळ करायला घेतली. राजवर्धन फाटकाशी उभा होता. त्याने आत येऊन बादली भरून आणली, ही त्या दिवसातली त्याची सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला बोलवावे लागले नाही. मीच फोन केला. आता मी तयारीचा माणूस होतो. जयवंताबाई दारात होत्या, गुडघ्यांवर सकाळचे ऊन घेत.

"या मास्तर. चावडीतनं काकड्या आना."

मी ताडताड खाली निघालो. गाळापर्यंत वीस मिनिटे चाललो. आदल्या वर्षी श्रेया ज्या दिशेला काकड्या आणायला पळाली होती, तिथे भेगा पडलेला गाळ, चार बगळे आणि एक फुटकी टोपली, एवढेच होते. घामाघूम होऊन परतलो, तेव्हा ओसरीवर सगळे वाट पाहत बसले होते आणि हिंदुराव डोळे पुसत होते.

"खाली कशाला गेला?" जयवंताबाई म्हणाल्या. "चावडी ही काय, हितं. ग्रामपंचायतीच्या मागं. साखरीनं अन म्या मिळून ट्रालीनं गाळ आनून टाकला. काकडी बघा कशी लागलीय."

तर माझी तक्रार ती ही. चाळीस वर्षे ज्या बाईंनी वरच्या गावातल्या चावडीला चावडी म्हटले नाही, त्यांनी अख्खे गाव खालून वर आणले आणि मला साधे कळवलेही नाही.