सावडीबाहेरची वाडी

कडावजवळच्या एका गावातल्या सुंदराने आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट शिकवली: आपल्याहून वेगळ्या माणसाबरोबर काम कसं करावं. कुंभिवलीच्या बाजूला परदेशी भागीदारीतला कारखाना निघाला, तेव्हा ती तिथे कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागली. आषाढ आला की निम्मे कामगार भाताच्या आवणीला, रोपं लावायला, पळत आणि जर्मन साहेब त्यांना आळशी ठरवून मोकळे होत. सुंदराने दोघा साहेबांना बूट काढायला लावले आणि सकाळपासून आपल्या भावाच्या शेतात वाकवलं. दुपारपर्यंत दोघांच्या कमरा धरल्या. पुढच्या वर्षापासून आवणीची रजा मंजूर झाली. तिने त्यावर लेख लिहिला, तो बाहेरच्या मासिकात छापून आला आणि मग बोलावणी सुरू झाली. सुती पातळ नेसून, केसांना चापून तेल लावून ही बाई अकरा देशांत बोलून आली.

१९७९च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या एका परिषदेत ती सावडीबद्दल बोलली. आमच्याकडे आवणीत मालक नाही, मजूर नाही. आज तुम्ही माझ्या शेतात या, उद्या मी तुमच्या शेतात. सगळं सभागृह रंगून गेलं. शेवटी टांझानियाची एक बाई उठली आणि तिने विचारलं, "या सावडीच्या बाहेर कोण असतं?"

"कोणी नाही," सुंदरा म्हणाली.

टाळ्या पडल्या. पण बोलतानाच तिच्या डोळ्यांपुढे हिरू उभी राहिली होती. डोंगराच्या अंगाला ठाकूर आदिवासींची वाडी, तिथली ही हिरू. वीस वर्षं सुंदराच्या भावाची, गोमाची, आवणी करायला यायची, पण मजुरीवर. वाडीच्या माणसाला सावडीला कोणी बोलावत नसे आणि वाडीच्या नाचणीच्या शेतात गावातलं कोणी पाऊल टाकत नसे. सुंदराला हे लहानपणापासून ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या सभेत ती धडधडीत खोटं बोलली होती, आणि ते तिला खाऊ लागलं.

आषाढात तिने ते धुऊन काढायचं ठरवलं. गोमाची पहिली खाचरं लावून झाली, तशी ती सगळ्यांदेखत हिरूला म्हणाली, "यंदापासून मजुरी नाही, आपली सावड." आणि खरोखरच चार दिवसांनी डोंगरावर जाऊन हिरूची नाचणी लावून आली. हिरूला आधी विचारायचं मात्र राहून गेलं. दुसऱ्यांना धडे देणाऱ्यांचं असंच होतं.

गावाने भांडण काढलं नाही. मालोजी पाटील एवढंच म्हणाले, "वाडीशी सावड धरलीस ना? मंग तिच्याशीच निभाव." उरलेल्या आवणीला गोमाकडे गावातलं कोणी फिरकलं नाही. रोपं वाढून पिवळी पडली, अर्धं शेत ओसाड राहिलं. गोमाने बहिणीशी बोलणं टाकलं.

आणि एरवी गावभर मजुरी करणाऱ्या हिरूलाही कोणी कामाला बोलावलं नाही. सुंदरा तिच्याकडे गेली, तेव्हा ती आपल्या गवती झापाबाहेर सूप विणत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सुंदराबाय, तुमाला भाषनाला नवी गोष्ट गावली. माजा हंगाम गेला. पोरांना काय घालू?"

शरमेने सुंदरा तशीच परत फिरली.

अकरा देश झाले, पण स्वतःच्या गावात ती कधी बोलायला उभी राहिली नव्हती. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाल्यावर ती उठली. हातात कागद नव्हता. जिनिव्हात काय विचारलं गेलं, आपण काय उत्तर दिलं, हे तिने सांगितलं. हिरूचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं. "मी तिकडे खोटं बोलले, ते तुमची अब्रू राखायला नव्हे, माझी राखायला. आणि इथे येऊन हिरूच्या पोटावर पाय दिला. शिक्षा द्यायची तर मला द्या, तिचं काम तोडू नका." कोणी टाळी वाजवली नाही. लोक उठून घरी गेले. हाच मजकूर तिने जिनिव्हाच्या आयोजकांनाही लिहून पाठवला. तिकडून पोच आली, पुढची दोन वर्षं बोलावणं आलं नाही.

चैत्रात राब भाजायचे, रोपांसाठी पाला पसरून जमीन भाजून घ्यायचे, दिवस आले. एका सकाळी गोमा दारात येऊन उभा राहिला. आठ महिन्यांनी तोंड उघडलं त्याने.

"अक्का, वाडीवर गेलो होतो. म्हनलं, हिरू, यंदा सावडीला येशील का? इचारलं, सांगितलं नाय."

"मग? काय म्हणाली?"

"म्हनली, आधी तुमी या. माजा राब भाजाया. आलात तर बघू."

सुंदरा उठली आणि तिने पदर खोचला. साठ उंबऱ्यांच्या गावातून त्या दिवशी दोघंच डोंगर चढली. हिरूने त्यांना या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. पाल्याच्या भाऱ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि ती कामाला लागली.