लेखिका सोडली का?

येर्नेया कोसेम फिनिश पुस्तकं स्लोव्हेनियन भाषेत आणते. काम बसून करायचं असलं तरी कष्टाचं आहे. बर्फाला भोक पाडून मासे धरण्याचं एक पान आलं, तेव्हा बर्फ कसा तुटतो हे कळावं म्हणून ती नवऱ्याची पहार घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेली. हात सुजले, पण पान नीट उतरलं. एकाच लेखिकेची चार पुस्तकं तिने अशी केली. मारिबोरच्या वाचनालयात लोक तिला थांबवून विचारायचे, "पुढचं कधी?"

पुढचं आलं, आणि सोबत करार आला. त्यात दोन नवी कलमं होती. अनुवादाचा हक्क कायमचा प्रकाशनाचा. अनुवादकाचं नाव छापायचं की नाही, तेही प्रकाशनच ठरवणार.

तिने संपादक ह्रिबेर्निक यांना फोन लावला. "साहेब, ही दोन कलमं काढा."

"अहो बाई, सगळे सह्या करतात."

"करत असतील. मी नाही करणार."

"मग आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

तिने फोन ठेवला. इतकी वर्षं जिच्या वाक्यांत राबली, ती लेखिका आता दुसऱ्या हाती जाणार होती.

नवरा लोयझे लोखंडाच्या ओतशाळेतून निवृत्त झालेला. घेवड्याच्या दाण्यांवर भोपळ्याच्या बियांचं तेल ओतत तो म्हणाला, "एवढा ताठा कशाला? नाव नसलं तर लोकांना वाचता येणार नाही का?"

"तू ओतलेल्या शेगडीवर शिक्का कुणाचा असायचा?"

"कारखान्याचा."

"मग राग नाही यायचा?"

"यायचा की," तो म्हणाला. "जेव आता."

काही दिवसांनी फोन वाजला. "येर्नेयाबाई, मी साविना, पिरानहून. एकच विचारायचंय. तुम्ही तुमची लेखिका सोडली का?"

अनुवादकांत ही रीत आहे. दुसऱ्याचा लेखक आपल्याकडे आला, तर आधी त्या अनुवादकाला विचारायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण न विचारता काम घेणाऱ्याच्या शेजारी अनुवादक संघाच्या बैठकीत कुणी बसत नाही.

साविनाकडे बरेच महिने अनुवादाला पुस्तक नव्हतं. ती पर्यटकांच्या खोल्या झाडून दिवस काढते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सोडली नाही गं. सही केली नाही म्हणून काढून घेताहेत. पण तू घे. तुला गरज आहे. मी मनात काही ठेवणार नाही."

"गरज तर आहेच. पण सोडली नाही म्हणालात ना? मग विषय संपला."

"अगं, विचार तरी कर!"

"केला की. आज तुमच्या नावावर बोळा फिरवतात, उद्या माझ्या फिरवतील. ठेवते, दोन खोल्या राहिल्यात झाडायच्या."

मग क्रान्यचे म्हातारे अनुवादक बोगोमिर यांचा फोन. त्यांना ऐकू कमी येतं.

"सोडली का?"

"नाही सोडली!"

"काय? मोठ्याने बोला!"

"नाही सोडली हो!"

"मग माझ्याकडे पुस्तक कशाला पाठवलं त्या गाढव संपादकाने?"

पुस्तक पेलेल एवढं फिनिश येणारं आणखी कुणी ह्रिबेर्निकना सापडेना. शेवटी त्यांनीच फोन केला. नाव आतल्या पहिल्या पानावर येईल, हक्क काही वर्षांनी परत मिळेल. मुखपृष्ठावरच्या नावासाठी येर्नेया बरीच भांडली, पण ते जमलं नाही. जेवढं मिळालं तेवढ्यावर तिने सही केली.

लगेच तिने साविनाला फोन केला. आभार कसे मानायचे ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं, पण पहिल्याच वाक्याला रडू आलं.

"रडू नका हो बाई," साविना म्हणाली. "मी फक्त विचारलं. पहिलं प्रकरण झालं की पाठवा, चुका काढते."

येर्नेयाने प्रकरण तीनदा तपासून पाठवलं. परत आलं ते खुणांनी भरून. ती वाचत गेली, आणि जवळजवळ प्रत्येक खूण बरोबर होती. लोयझेने कॉफी आणून ठेवली, ती गार झाली. येर्नेयाने पहिलं पान पुन्हा लिहायला घेतलं.