चार दांड्यांचा पलंग

त्या पलंगात काही खोट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आजही लग्नाकार्यात आमचे नातेवाईक एका पंगतीला बसले की कुणीतरी माझ्याकडं बघून विचारतं, "पेटलेला पलंग तो तुमचाच का हो?" आणि बाकीचे पानात बघून हसतात. मी ताटावरून उठतो. लोक म्हणतात, लई तापट माणूस. असेन.

माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते मंठाळच्या घरी होते. डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत, जीभ शाबूत, आणि डोकं तर नको इतकं शाबूत. ज्या माणसानं जन्मात कुणाकडं पाण्याचा तांब्या मागितला नाही, त्याला उठून बसायला माणूस लागायला लागलं. ते हाकच मारायचे नाहीत. आई विचारायची, "बसवू का?" तर भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "कामून? बसून कुठं जायचंय मला?" पण अंगणात कुणाचा आवाज आला की पलंगाची कड धरून मान उचलायला बघायचे. तेवढंच मला बघवत नव्हतं.

बसवकल्याणला हायवेच्या कडेला माझं वर्कशॉप आहे. लॉरीच्या बॉड्या बांधतो, ट्रॉल्या करतो. माझं शिक्षण दहावीत थांबलं. थोरला भाऊ, आमचा अण्णा, शिकत राहिला आणि गुलबर्ग्याला सरकारी अधिकारी झाला. पाटीवर आता कलबुर्गी लिहितात, आमच्या तोंडात गुलबर्गाच आहे. अण्णाला घरात खुर्ची मिळते. मला विचारतात, गेटचं कुलूप अडकायलंय, बघतोस का जरा.

एका शेतावर सोलरच्या पाट्या सूर्याबरोबर फिरवणारी मोटार मी बघितली होती. बारा व्होल्टवर चालते. नळीतून पोलादी दांडा सावकाश बाहेर सरकतो आणि तारा उलट्या जोडल्या की तसाच आत जातो. टोकाला पोचला की आतला स्विच स्वतःच वीज तोडतो. तिला इंग्रजी नाव आहे, पण आम्ही दांडामोटार म्हणतो. मी ठरवलं, पलंगात अशा चार बसवायच्या. दोन पाठीच्या फळीखाली, दोन गुडघ्याखालच्या फळीखाली. अप्पांच्या उजव्या अंगठ्याजवळ बटण. घरची वीज त्यांच्या अंगाजवळ न्यायचीच नाही, सगळं बॅटरीवर. लाइट गेली तरी माणूस बसला पाहिजे.

मोटारी आणायला हैदराबादला गेलो. दुकानदारानं डब्यातून चार काढून दिल्या. मी म्हटलं, असं नाही, आधी चालवून दाखव. काउंटरवर चारही शेजारी शेजारी मांडल्या, त्याच्याच बॅटरीला जोडल्या. एक मागं पडली. ती परत. दुसरी आणली, ती पुढं पळाली. तीही परत. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुकानदार म्हणाला, "क्या बड़े भाई, इनका निकाह पढ़ाना है क्या?"

"हौ," मी म्हणालो, "और दहेज भी तूइच देना."

हसला आणि भावातही उतरला. चार सारख्या चालणाऱ्या मिळेपर्यंत मी तिथून हललो नाही.

तरी घरी आल्यावर त्या सारख्या चालेनात. पहिली चूक तारेची होती. एका मोटारीवरून दुसरीला, दुसरीवरून तिसरीला अशी तार ओढली होती. शेवटच्या मोटारीपर्यंत वीज पोचेतो तिचा जोर कमी व्हायचा आणि ती रेंगाळायची. म्हणून मधे एक डबा बसवला आणि तिथून प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या दोन तारा दिल्या. जवळची असो की लांबची, सगळ्या एका मापाच्या. जास्तीची गुंडाळून बांधली. प्रत्येकीला वेगळा फ्यूज.

मग अप्पांना झोपवलं, तर वेगळंच. त्यांचा निम्मा देह जड झालेला. डावीकडं भार पडायचा, डावा दांडा मागं राहायचा, उजवा पुढं जायचा आणि फळी पिळवटून कण्हायची. अप्पा म्हणाले, "हा बी माझ्यागतच एका बाजूनं गेलाय की रे."

आई रडली. अप्पा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

त्यावर उपाय होता. या मोटारींमधून जाड तारांबरोबर बारीक तारा निघतात, दांडा किती सरकला ते सांगणाऱ्या. त्या तारा वाचणारा एक लहान कंट्रोल बॉक्स मी मागवला. जो दांडा पुढं जाईल त्याला तो क्षणभर अडवतो, मागच्याला गाठू देतो, मग दोघांना बरोबर सोडतो. तो बसवल्यावर पलंग पाणी चढावं तसा वर आला. आवाज नाही, हिसका नाही. अप्पांनी बटणावरून अंगठा काढला की जिथं असेल तिथं थांबायचा.

दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ भेटायला आले. अप्पांनी त्यांना दारातच ऐकवलं, "थांबा, आलो." आणि अंगठा दाबून उठून बसले. गृहस्थ बघतच राहिले. अप्पा म्हणाले, "मोटार पोराची, पण डायवर म्या हाय." गृहस्थ गेले. अप्पा नुसते बटण चाचपत बसले. तेवढ्यावर मी खूश होतो.

मग अण्णा आला. गुलबर्ग्याला दवाखाने जवळ आहेत, मोठे डॉक्टर आहेत, अप्पांना नेतो म्हणाला. मी भांडलो. तो म्हणाला, "तुझ्या वर्कशॉपच्या धुरळ्यात ठेवायचं का त्यांना?" घर मंठाळला, वर्कशॉप बसवकल्याणला, धुरळा कुठून आला? पण आईला डॉक्टरचं पटलं आणि मी हरलो. एकच अट घातली. "पलंग ने. पण तारांना हात लावू नको. रविवारी मी येतो, मीच जोडतो."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाला.

पलंग त्याच्या दारातून आत जाईना. त्यानं खालचा डबा सोडवायला लावला, तारा कापायला लावल्या आणि रविवारपर्यंत थांबायला नको म्हणून कॉलनीतल्या ओळखीनं एक लॉरीचा वायरमन बोलावला. शनिवारी मला अण्णाचा फोन आला. आवाज कचेरीत साहेबानं बोलावा तसा.

"तुझ्या पलंगानं आज बापाला जिवंत जाळलं असतं."

मी तसाच गाडी काढून गेलो. पलंग जिन्याखाली उभा करून ठेवला होता, वर चादर. अप्पा भाड्यानं आणलेल्या लोखंडी खाटेवर उताणे पडले होते. मी आधी पलंगाकडं गेलो, खाली वाकून बघतो म्हणालो, तर अण्णा आडवा आला. "पुरे झाले तुझे खेळ."

माझा आवाज चढला. त्याचा चढला. वहिनी दार लावायला धावली, शेजारी ऐकतील म्हणून. त्या गोंधळात अप्पा काहीतरी म्हणाले. मी जवळ गेलो.

"ऱ्हाऊ दे रे," ते म्हणाले. "तू केलास, म्या बसलो. आता भ्या वाटायलंय. आडवाच बरा हाय."

त्यानंतर ते उठून बसले नाहीत. पाठीला जखमा झाल्या. वरचं छत बघत गेले. माझ्या हातानं केलेल्या वस्तूची भीती घेऊन गेले. दहाव्याला आलेल्या लोकांना अण्णानं पलंगाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. पंगतीतलं ते हसणं तिथून सुरू झालं.

पलंग मी उचलून वर्कशॉपवर आणला आणि पालथा घातला. बघितल्याबरोबर कळलं. कंट्रोल बॉक्स नव्हताच. बारीक तारा कापून टेपनं गुंडाळल्या होत्या. प्रत्येक मोटारीला एकच तार, दुसरी सरळ पलंगाच्या लोखंडाला, बॅटरीचं एक टोकही तिथंच. लॉरीत असंच करतात. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, म्हणून दिव्याला एकच तार न्यायची, परतीची वाट लोखंडातून. बॉडी अर्थ म्हणतो आम्ही. हायवेवर हात काळे केलेला कुणीही डोळे मिटून हेच करील, तार वाचते. दिव्याला चालतं. पण दांडा खाली आणायचा तर टोकं उलटी करावी लागतात. इथं उलटी केली की बॅटरीची दोन्ही टोकं त्याच लोखंडाला भिडली. फ्यूज त्यांचं काम करत उडत राहिले असणार, तर त्यांच्या जागी तारेचे तुकडे पिळून घातलेले. वर जाताना अप्पा वाकडेतिकडे वर गेले, खाली येताना तार पेटली. त्या वायरमनवर माझा राग नाही. त्याला पलंग म्हणजे लॉरी वाटली. ज्यानं रविवारपर्यंत दम धरला नाही, त्याच्यावर आहे.

नवीन तारा घातल्या, बॉक्स बसवला. पलंग पुन्हा पाणी चढावं तसा वर आला. रिकामा. मी त्याच्यावर ताडपत्री टाकली.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा वर्कशॉपवर आला. बाहेरच उभा राहिला, बुटांना ऑइल लागू नये म्हणून. त्याच्या सासऱ्यांना झटका आला होता. उजवी बाजू.

"तो पलंग तुझ्याकडं पडूनच हाय न्हवं?"

"कुठला? बापाला जाळणारा?"

"आता जुनं कामून उकरायलास? तू म्हणशील ती किंमत सांग."

"सांगतो," मी म्हणालो. "मंठाळला चल. आईसमोर म्हण, पलंग नीट होता, तारा मी कापायला लावल्या. एवढीच किंमत. एक शब्द कमी घेणार न्हाई."

"सख्ख्या भावाशी सौदा करतोस?"

"व्हय. बाकीच्यांना तर मी उभंसुद्धा करत न्हाई."

आला. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. अण्णा तिच्यासमोर उभा राहिला आणि फायलीवर सही करावी तसं एका दमात बोलला. पलंग चांगला होता, तारा मीच कापायला लावल्या, ह्याचा दोष न्हाई. मग माझ्याकडं बघितलं, झालं का, अशा नजरेनं.

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिनं ना त्याच्याकडं बघितलं, ना माझ्याकडं.

"तेंना कुठं ऐकू गेलं?" ती म्हणाली, आणि शेंगा फोडायला लागली.

माझी किंमत मला मिळाली होती. सौदा झाला होता आणि झालेला सौदा मी मोडत नाही. पलंग टेम्पोत घातला, मी स्वतः बरोबर त्याच्या सासऱ्यांच्या घरी गेलो, दार अरुंद होतं तर दाराची चौकट काढायला लावली. सासऱ्यांचा उजवा हात गेलेला, म्हणून बटण डावीकडं घेतलं. कुणाला तारेला बोट लावू दिलं नाही.

म्हाताऱ्यानं डावा अंगठा दाबला. चारही दांडे एका चालीनं निघाले. पाठ वर आली, गुडघे वर आले, आणि ते उठून बसले. घरातली सगळी टाळ्या वाजवायला लागली. वहिनी डोळे पुसत होती. म्हातारा पोरासारखा हसत, जावयाचा भाऊ म्हणून मलाही जावईच धरून म्हणाला, "जावईबापू, देवमाणूस हाव तुमी."

मी पलंगाखाली वाकून दांडे बघत राहिलो. एकही मागं नव्हता.