मीटरवर पन्नास

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. अँजिओप्लास्टी आत्ताच करायला हवी." म्हणजे हृदयाच्या बंद पडलेल्या नळीत फुगा घालून ती उघडायची, हे त्यांनीच समजावलं. मग विचारलं, दुखायला लागून किती वेळ झाला? काय सांगू, त्यातला बराच वेळ आमचे हे ऑटोवाल्याशी भांडत होते.

सकाळी इडली खाताना यांच्या छातीत दडपलं, डावा हात जड झाला, दरदरून घाम फुटला. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर वेळ लागेल म्हणाले, म्हणून ऑटो थांबवला. तिकडून रिकामं यावं लागतं, मीटरवर पन्नास द्या, असं तो म्हणाला. झालं! बसलेले हे खाली उतरले. आख्खा जन्म बेंगळुरात गेला, मीटरच्या वर एक पैसा दिला नाही, तो आता देतील होय!

व्हाइटफील्डला नोकरी करणारी आमची मुलगी पन्नास रुपये मोजतही नाही. त्या ऑटोवाल्याचा तेवढ्यात गॅसचा खर्च निघाला असता. यांना मात्र ते तत्त्व. आणि मला त्या पन्नासात माझं कुंकू दिसत होतं.

भांडता भांडता हे फूटपाथवर मटकन बसले. ऑटोवाल्यानं धावत येऊन यांना उचललं. मी हळूच म्हटलं, "अण्णा, पन्नास देते, चला."

"सरी अक्का," म्हणजे बरं ताई, म्हणाला आणि सुटला.

कॅथलॅबबाहेर, म्हणजे फुगा घालतात त्या खोलीबाहेर, मी फार घाबरले. दार हललं की वाटे, आता येऊन सांगतील. देवाचं नावही धड तोंडात येईना.

अखेर डॉक्टर म्हणाले, "नळी उघडली. पण जपा, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

आयसीयूत यांनी डोळे उघडले आणि पुटपुटले, "मीटरवर आलो ना?"

"हो, मीटरवर." खोटं नव्हतं. पुढचे पन्नास तेवढे गिळले. हे शांत झोपले.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर छातीत दडपल्यावर भाड्याचं तुम्ही बोला, त्यांना आत बसवा.

परवा कोपऱ्यावर तोच ऑटोवाला दिसला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. हे ऐटीत म्हणाले, "बघ, ठणकावून सांगितलं की येतात मीटरवर."

"सरी," मी म्हटलं आणि यांचा हात घट्ट धरला. भीती अजून गेलेली नाही.