आरतीसाठी चोरलेली बारा मिनिटं

गेल्या वर्षी एका गुरुवारी मी चौलच्या दत्ताचा डोंगर चढलो, तो देवाशी भांडायला. आजही त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याच्या आदल्या गुरुवारची.

अलिबागजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत मी काम करतो. आम्ही एक द्रव तयार करत आहोत. मेंदूतली रक्तवाहिनी फुटायच्या बेतात असली, की बारीक नळीतून तो तिथवर सोडायचा. रक्ताला लागताच तो घट्ट होतो आणि शरीराला अपाय न करता ती वाट बंद करतो. एक्स-रेत दिसावा म्हणून त्यात धातूची काळी पूड असते. ती तळाशी बसते, म्हणून बाटली यंत्रावर पूर्ण वीस मिनिटं हलवायची, असा नियम आहे.

त्या संध्याकाळी मी ती आठ मिनिटांत उतरवली. दत्ताची आरती चुकू नये म्हणून. कागदावर वीस लिहून बाटली चाचणीसाठी सहकाऱ्याकडे दिली आणि निघालो. चाचणीत द्रव एक्स-रेत अर्ध्या वाटेवरच दिसेनासा झाला. माणसाच्या डोक्यात असं झालं, तर तो कुठे शिरला हे डॉक्टरला कळणारच नाही. ठपका आला आमच्याकडच्या सरितावर, कारण द्रव तिने बनवला होता. थळच्या कोळ्याची मुलगी, घरातली पहिली शिकलेली. महिनाअखेरीला काम सोड, असं सांगितलं तिला. मी शेजारी उभा होतो, गप्प.

देवासमोर मी हात जोडले नाहीत. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना, मग निस्तर तूच. तणतणत पायऱ्या उतरलो आणि खाली सरबतवाल्या मावशींकडे कोकम सरबत मागितलं. पहिला घोट पाणचट लागला.

"मावशी, नुसतं पाणी आहे हे."

"रस खाली बसलाय, दादा. नीट ढवलायला नको?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देवाकडनं आलाव ना? मंग येवढी कसली घाई?"

ग्लासाच्या तळाशी लाल थर होता. चाचणी का फसली हे मला कळलंच नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. मी फक्त पाहत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर साहेबांना खरं सांगितलं.

"अहो, मिटलंय ते," साहेब म्हणाले. "तिला मिळेल दुसरीकडे."

"मग मलाही मिळेल. चाचणी पुन्हा करा, नाहीतर हे मी लिहून वर पाठवतो."

त्यांनी केली. सरिता घड्याळ धरून उभी होती. वीस मिनिटांनंतर त्याच बाटलीतल्या द्रवाची काळी रेघ एक्स-रेत शेवटच्या टोकापर्यंत ठसठशीत उमटली.

सरिताची नोकरी राहिली. चाचणीच्या कागदांवर सही करायचा माझा अधिकार गेला. "काका, तुम्हाला माफ नाय केलंय मी," ती म्हणाली.

"नको करूस," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

पुन्हा डोंगराखाली गेलो तेव्हा सरबतवाल्या मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गिलास ठेवा खाली. मागं गिऱ्हाईक हाय."

मान खाली घालून गप्प राहणं यालाच मी शरण जाणं समजत होतो. चोरलेल्या मिनिटांची माझी ती आरती देवाने नाकारली, हे त्याचे उपकार. आता यंत्र थांबेपर्यंत मी जागचा हलत नाही. कित्येक गुरुवारी आरती चुकते. त्याला राग आला असेल, तर त्याने खुशाल डोंगर उतरून यावं.