चूक तुमचीबी होती, मालक

माझा नवरा चुकीनं मेला. नशिबानं न्हाई.

आज वर्ष झालं. तवा फेसबुकवर ह्यांच्या फोटोखाली ढिगानं कमेंट आल्या, नियतीपुढं कोणाचं चालत न्हाई म्हणून. वाचून डोकं फिरलं होतं माझं. गप बसले. आज बोलते.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगते. सेनगाव रोडला पुलाच्या अलीकडं आमचं छोटं हॉटेल हाये. चहा, भजे, भाकरी. पूल अरुंद, एकच गाडी बसते. कठडा पुरात गेला तो गेलाच.

आमचे मालक ट्रक चालवायचे. सगळं आयुष्य.
आन सगळं आयुष्य दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुका काढायचे.

कुठं गाडी पालथी दिसली की हे उतरणार. टायरचे वण पाहणार. मंग जेवताना निकाल.

"हा झोपला नव्हता. झोपलेला सरळ जातो. ह्यानं घाबरून स्टेअरिंग ओढलं."

मी म्हणायची, "मेलेल्याला तरी सोडा हो. त्याच्या बायकोनं ऐकलं तं?"

"ऐकू दे की. मेला म्हणून काय बराबर होता का? चूक झाकली की उद्या दुसरा तिथंच मरतो. कांदा दे इकडं."

एक गोष्ट नेहमी म्हणायचे. अरुंद पुलावर एकाच्या चुकीनं माणूस मरत न्हाई. दोघांची लागते.

हे वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात बसून राहिलं.

त्या दिवशी सकाळी सोयाबीन भरून हिंगोलीला निघाले होते. हॉटेलावर चहा पेले. साखर कमी म्हणून मला बोलले. आन गेले पुलावर.

गाडी पुलावर असली की धाड धाड वाजते. पलीकडं डांबर लागलं की बंद. न पाहता कळतं मला, कोण पार झालं.

तो आवाज मधीच थांबला.

समोरून कार आली होती. नवी कोरी. बोनेटवर पूजेचा हार तसाच. पुलावर ट्रक हाये हे पाहिलंच न्हाई त्यानं, आला घुसून.

मी आत भाकरी थापून राहिले होते. ह्यांचं सगळं ऐकू येत होतं.

"मागं घे रे बाबा! भरलेली गाडी हाये माझी."

"अरे घे ना मागं! ... रिव्हर्स येत न्हाई? मंग कोणी दिली रे तुला गाडी?"

मला हसू आलं. म्हणलं, घावला आज एक.

मंग ह्यांचा आवाज मऊ झाला. असं मऊ माझ्याशीबी कधी बोलले न्हाईत.

"बरं, घाबरू नको. हलू नको तू. मीच घेतो."

भरलेली गाडी. पुलावर. मागं.

मी बाहेर पळाले तवा ट्रक पुलाखाली, तोंड आभाळाकडं. इंजन चालूच.
कारवाला उतरलाच न्हाई. काच बंद. दोन्ही हातानं स्टेअरिंग धरून बसलेला.

तवापासून ड्रायव्हर लोकं हॉटेलावर बसतात, पुलाकडं पाहतात, साऱ्या जगाच्या चुका काढतात. मी चहा घेऊन आले की गप.

"काहून गप बसले? बोला ना. ह्यांची काय चूक झाली?"

"वहिनी, चूक त्या कारवाल्याची. भाऊ तं देवमाणूस."

"कारवाल्याची मला म्हाईत हाये. दुसरी सांगा."

"नशीब, वहिनी."

नशीब! ज्यानं कधी कोणाला नशिबावर सुटू दिलं न्हाई, त्यालाच तुमी नशिबावर सोडता?
देवमाणूस नव्हते ते. ड्रायव्हर होते.

खरं सांगू का, हे गेलेच न्हाईत. भर दुपारी दिसतात मला. पुलाच्या मधी, पाठमोरे, वाकून खाली पाहून राहिलेले. आपलीच चूक हुडकत.
कोणाला सांगितलं न्हाई. सांगून काय, दवाखान्यात नेतील.

आज जिलानीभाई आले. ह्यांच्या जोडीनं गाडी चालवलेला माणूस. वर्षभर फिरकले नव्हते. आल्या आल्या पुलावर चालत गेले, काठाला उकिडवे बसले, परत आले.

"भाभी, बुरा मत मानना."

"बोला."

"त्यानं दार उघडलं न्हाई. मागं घेताना दार उघडून, बाहेर वाकून, मागचं चाक पाहावं लागतं. आरशात काठ दिसत न्हाई. डाव्या बाजूचं चाक तसंबी दिसत न्हाई, तिथं नाइलाज असतो. पण चाक त्याच्याच बाजूचं उतरलं."

"काहून न्हाई उघडलं?"

"नजर समोर होती त्याची. तो पोऱ्या घाबरून अंगावर येतो का काय, हे पाहत राहिला. त्याला सांभाळत राहिला. नजर मागं पाहिजे होती."

"तुमी असते तं?"

"मी दार उघडलं असतं."

एवढं बोलून चहा न पेता गेले. वर्षात पहिला माणूस खरं बोलला.

मंग दुपारी एक ट्रक पुलावरून मागं येताना दिसला. मी पिठाच्या हातानं तशीच पळाले.

"ए बाबा, दार उघड! दार उघडून मागं पाहा!"

त्यानं शिवी दिली मला. पण उघडलं दार. बाहेर वाकला. चाक पाहत पाहत बराबर काढली गाडी मागं.

मी चाक न्हाई पाहिलं. दारातून कोण वाकतं ते पाहत राहिले.

तुमी नव्हते.

सापडली चूक, मालक. आता जा तुमी.

हात जोडते.